उकिरड्याचे पांग

जबलपूर शहरात ‘बडा फुहारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात, सराफ बाजाराच्या परिसरात, एक भक्कम कमान उभी आहे. तिला लोक कमानिया गेट म्हणतात. कमान म्हणजे दरवाजाच आणि गेट म्हणजेही दरवाजाच. पण शहरे आपल्या खुणांना नावे देताना व्याकरण विचारीत नाहीत. मार्च 1939 मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे राष्ट्रसभेचे 52 वे अधिवेशन भरले, त्याचे ही कमान स्मारक आहे. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस त्या वेळी तापाने फणफणलेले होते. म्हणून 52 हत्तींच्या रथातून त्यांच्या तसबिरीची मिरवणूक काढण्यात आली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील 1580 विरुद्ध 1377 मते, महात्माजींची नाराजी आणि त्यानंतरचा राजीनामा हा सारा इतिहास सर्वश्रुत आहे. तो येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही.

सांगावयाचे आहे ते अशा कमानींखालून दररोज चालणाऱ्या एका वेगळ्याच वाहतुकीविषयी. कमानियाच्या आसपासचा बाजार जुना, दाट वस्तीचा आणि खव्याच्या जिलेबीसाठी ख्यातनाम. भोवतालच्या शिवारातून तेथे धान्य येते, दूध येते, खवा येतो, हिवाळ्यात मटाराच्या शेंगांचे ढीग येतात. दाणे घरात जातात आणि टरफले रस्त्यावर पडतात. पत्रावळी, फुलांचे निर्माल्य, भाजीचे देठ, राख, गुराढोरांचे शेण असा सगळा पसारा झाडून गावाबाहेर नेला जातो. पण ज्या शेतातून तो आला त्या शेतात मात्र तो परत जात नाही. शेताकडून शहराकडे येणारा रस्ता रुंद असावा आणि परतीचा रस्ता बंद असावा, ही अवस्था एकट्या जबलपूरची नाही. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्राचीन रोमवर हाच ठपका ठेवला होता. त्याच्या मते रोमन शेतकऱ्याचे वैभव त्या नगरीच्या गटारांनी गिळले. हा बंद रस्ता पुन्हा उघडण्याचा जो प्रयत्न हिंदुस्थानात झाला त्याचे एक मुख्य ठिकाण मध्य भारतातच, मराठी राज्यकर्त्यांच्या एका संस्थानात होते; आणि त्याचे नाव पुढे जगभरच्या बागांतून घेतले गेले.

खत कुजवण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. कृषिपराशर या संस्कृत ग्रंथात माघात शेणाचा ढीग उकरावा, वाळवावा, त्याचा चुरा करावा आणि फाल्गुनात शेतात खड्डे करून त्यांत घालावा, असे सांगितले आहे. खुद्द जबलपूरच्या भोवती ‘हवेली’ नावाची शेतीची एक जुनी पद्धत आहे. काळ्या जमिनीला उंच बांध घालून पावसाचे पाणी चार महिने शेतातच कोंडून ठेवतात. तण त्या पाण्याखाली मरून तेथेच कुजते आणि पाणी सोडून दिल्यावर गहू-हरभरा पेरतात. महाराष्ट्रात प्रत्येक खेड्याच्या वेशीजवळ उकिरडा असतोच. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी आहे. पण म्हणीतली ही बारा वर्षे शेतीला परवडत नाहीत. उघड्या ढिगाऱ्यावर ऊन तापते, पावसाने त्यातील सत्त्व वाहून जाते, शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जळतात आणि उरते ती अर्धवट कुजलेली काडी, माशा आणि दुर्गंधी. उकिरडा हे खत करण्याचे साधन कमी आणि खत गमावण्याचे साधन अधिक, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ही गोष्ट ज्याने पुरती ओळखली तो आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 साली बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीवर आला. गव्हाच्या नव्या जाती काढणे हे त्याचे काम. त्यात त्याला आणि त्याची विदुषी पत्नी गॅब्रिएल हिला चांगले यश आले. तथापि वाण कितीही सुधारले तरी जमीन भुकेली असेल तर ते व्यर्थ, हे त्याच्या लक्षात येत गेले. अमेरिकन प्राध्यापक किंग यांनी चीन, कोरिया आणि जपान येथील शेती पाहून लिहिलेला ग्रंथ 1911 साली प्रसिद्ध झाला होता. चाळीस शतके सतत पिकणारी जमीन थकत नाही, कारण तेथे काहीही फुकट जाऊ दिले जात नाही, हे त्या ग्रंथाचे सार. हॉवर्डवर त्याचा खोल परिणाम झाला. पण सरकारी संशोधनखात्यात एकाने बियाणे पाहावे, दुसऱ्याने कीड पाहावी, तिसऱ्याने माती पाहावी अशी काटेकोर वाटणी असते, आणि शेतात तर या सर्व गोष्टी एकाच मुळाशी एकत्र येतात. ही अडचण टाळावयाची तर स्वतंत्र संस्थाच हवी होती. ती 1924 साली इंदूर येथे निघाली. होळकर दरबाराने 300 एकर जमीन दिली. मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातील संस्थानांनी पैसा पुरवला.

संस्था कापसासाठी होती, हे लक्षात ठेवावयास हवे. कापसाच्या शेतात वेचणीनंतर काय उरते, तर पऱ्हाट्या. तुरीच्या शेतात उरतात तुऱ्हाट्या. या काड्या इतक्या टणक की त्या मातीत लवकर कुजत नाहीत. म्हणून शेतकरी त्या जाळतो. इंदूरच्या संस्थेने त्या रस्त्यावर पसरल्या आणि येत्याजात्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा होऊ दिला. यंत्र नाही, खर्च नाही. मोठ्या शास्त्रीय संस्थेने इतकी साधी युक्ती करावी याचे काहींना त्या काळी हसू आले असेल. पण तिच्यातच या पद्धतीचे मर्म होते. शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची एकही वस्तू वापरावयाची नाही, असा तेथे दंडकच होता. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे 1921 साली हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी रसायनांच्या साहाय्याने पेंढ्यापासून खत करण्याची रीत काढली होती. तिची तयार भुकटी बाजारात विकत मिळे. इंदूरने त्या भुकटीच्या जागी गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, शेण आणि चुलीतली राख आणून ठेवली.

खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि केवळ दोन-तीन फूट खोल. कारण अधिक खोलात हवा पोहोचत नाही. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर मूत्रमाती आणि राख यांचा शिडकावा आणि पाणी. पुन्हा काडीकचरा, असे थरावर थर. दोन-चार दिवसांत ढीग इतका तापतो की आत हात घालवत नाही. उष्णता 60 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तणाचे बी, किडींची अंडी, रोगजंतू यांचा बहुतांश नाश होतो. मग साधारण पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीनदा उलथापालथ करावयाची. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, ओल्या जमिनीसारखा वास असलेले खत तयार होते. यामागचे गणित असे. काड्यांत कर्ब फार आणि नत्र थोडे असते. कुजवणारे सूक्ष्म जीव कर्ब इंधनासारखा जाळतात आणि नत्र आपल्या देहाच्या बांधणीस वापरतात. सुरुवातीला कर्बाचे नत्राशी प्रमाण साधारण तेहतीसास एक असे साधले, तर काम थबकत नाही आणि शेवटी ते दहास एक या सुमारास येऊन ठेपते. शेण, मूत्र आणि हिरवा पाला यांचे काम म्हणजे हे प्रमाण जुळवणे. उकिरड्याला बारा वर्षे लागतात ती हे प्रमाण, ओल आणि हवा यांचा मेळ कोणी घालत नाही म्हणून.

1931 साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने या कामाचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे होती. एक हॉवर्डचे आणि दुसरे यशवंत डी. वाड यांचे. वाड हे संस्थेतील रसायन विभागाचे मुख्य सहायक, एम्. एस्सी. झालेले. हे आडनाव मराठी कानाला परके नाही. ढिगाऱ्यात नत्र किती उरले, किती उडून गेले, कोणत्या आठवड्यात ढीग किती तापला, याची मोजदाद ही रसायनशाळेची कामगिरी. आणि ज्या पद्धतीचे सारे सामर्थ्य प्रमाणात आहे तिच्यात मोजणाऱ्याचा वाटा दुय्यम म्हणता येणार नाही. हॉवर्ड त्याच वर्षी निवृत्त होऊन मायदेशी गेला, त्याला पुढे ‘सर’ ही पदवी मिळाली, त्याचे 1940 चे पुस्तक जगभर वाचले गेले. वाड यांचे नाव मात्र ग्रंथसूचीत राहिले. मराठी वाचकाला हॉवर्ड ठाऊक असतो, वाड क्वचितच.

आणि तरीही या इतिहासातील दुसरे पाऊल वाड यांनीच टाकले. जॅक्सन नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी हीच पद्धत गावातील केरकचरा आणि मैला यांना लावली आणि तिचा अहवाल 1934 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. शेतीचा प्रयोग वैद्यकाच्या पानांवर का, असा प्रश्न पडेल. उत्तर सरळ आहे. ढीग नीट तापला तर माशीची पैदास थांबते, दुर्गंधी जाते आणि पटकी-हगवणीचे मूळ तुटते. म्हणजे जी गोष्ट शेतकऱ्याला खत तीच नगरपालिकेला आरोग्य. शहराकडून शेताकडे जाणारा तो बंद रस्ता येथे कागदावर तरी उघडला.

1935 च्या एप्रिलात हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास गेले. तेव्हा त्यांनी ही संस्था आणि तेथील खताचे खड्डे मुद्दाम पाहिले आणि त्याच वर्षी आपल्या ‘हरिजन’ पत्रातून या पद्धतीची माहिती दिली. त्या सुमारास वर्ध्याजवळच्या सिंदी या खेड्यात त्यांचे सहकारी रोज सकाळी हातात फावडी घेऊन रस्त्यावरची घाण उचलीत होते. पुढे फैजपूर, हरिपुरा, त्रिपुरी अशी राष्ट्रसभेची अधिवेशने खेड्यांत भरू लागली. हजारो-लाखो माणसे माळावर चार दिवस राहावयाची म्हणजे मंडपाच्या खांबांइतकाच चरांचा आणि संडासांचा विचार करणे भाग होते. ज्या त्रिपुरीच्या स्मरणार्थ कमानिया उभी आहे त्या त्रिपुरीच्या वर्षीच, 1939 मध्ये, बंगळूर येथे सी. एन. आचार्य यांनी शहरांसाठी आणखी सोपी रीत मांडली. केर आणि मैला यांचे थर चरात भरावयाचे, वरून मातीने बंद करावयाचे आणि उलथापालथ न करता सहा-आठ महिने तसेच राहू द्यावयाचे. मजुरी वाचली, वेळ मात्र वाढला. महायुद्धाच्या काळात अन्नटंचाई झाली तेव्हा सरकारने नगरपालिकांना जे कंपोस्ट करावयास सांगितले ते मुख्यतः या रीतीने.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इंदूरच्या आणि बंगळूरच्या रीतींनी ढिगाऱ्यातील माशी मारली. पण मैल्याची टोपली ज्याच्या डोक्यावर होती त्याच्या डोक्यावरून ती उतरवली नाही. खत सोन्यासारखे झाले, ते वाहणारा मात्र अस्पृश्यच राहिला. शास्त्राने आपले काम केले होते. उरलेले काम शास्त्राचे नव्हतेच. ते अंगावर घेणारी माणसे थोडी. त्यांत कोकणातील सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब, यांचे नाव आदराने घ्यावे लागते. उच्चविद्याविभूषित, प्राध्यापकी करू शकणारा हा गृहस्थ स्वतः मैला उचलीत असे. 1948 साली कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी असे संडास प्रचारात आणण्याचा प्रयत्न केला की ज्यांत मैल्यावर माती आणि पालापाचोळा पडून त्याचे जागच्या जागी खत व्हावे आणि कोणाही माणसाला तो ताजा असताना हाताळावा लागू नये. भंगीमुक्ती हा त्यांच्या दृष्टीने दयेचा प्रश्न नव्हता, रचनेचा होता. ते 1971 साली निवर्तले. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा देशात 1993 साली झाला आणि तो पुरेसा ठरला नाही म्हणून 2013 साली दुसरा करावा लागला, एवढ्यावरूनच त्यांचे काम किती काळाच्या पुढे होते ते कळते.

इकडे इंदूरची रीत समुद्रापलीकडे गेली. आसाम आणि सिंहलद्वीपातील चहाचे मळे, केनियातील कॉफीचे मळे अशी ती आधी पसरली. मग अमेरिकेत रोडेल यांनी 1942 मध्ये काढलेल्या मासिकातून ती घरोघरच्या बागांत शिरली. न्यूझीलंडच्या बागवानांनी तिला लाकडी पेटीचे रूप दिले. चार फूट लांबी-रुंदीची, तळ नसलेली, फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवलेली, समोरच्या फळ्या काढता-घालता येतील अशी ती पेटी. शेजारी तशीच दुसरी. एकीतला ढीग उलथून दुसरीत टाकला की उलथापालथ आपोआप होते. आज परदेशांत घराच्या मागल्या अंगणात जी खतपेटी दिसते तिच्या वंशावळीत इंदूरचा तो उथळ खड्डा बसतो, हे तिच्या मालकांना बहुधा ठाऊक नसते.

स्वदेशी मात्र 1951 साली सिंद्रीचा कारखाना सुरू झाला आणि पोत्यातल्या खताचे दिवस आले. त्याने धान्य वाढले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल; भुकेल्या देशाला तीन महिने थांबण्याची सवड नव्हती. पण पोते आले तसा खड्डा मागे पडला आणि पऱ्हाट्या पुन्हा जळू लागल्या.

या उतरत्या काळात विदर्भातील पुसद येथे नारायण देवराव पांढरीपांडे हे गांधीविचारांचे गृहस्थ वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाशी झुंजत होते. शेण थोडे आणि काडीकचरा अमाप, हे शेतकऱ्याचे खरे दुखणे. थोड्या शेणात पुष्कळ खत कसे करावे? त्यांनी काढलेली रीत त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून प्रसिद्ध झाली. ‘देवराव’मधला ‘दे’ बहुधा रोमन लिपीची वारी करून परत येताना ‘डे’ झाला असावा. त्यांनी खड्डाच जमिनीवर आणला. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच अशी विटांची टाकी, भिंत नऊ इंच जाड, बांधकाम मातीत; फक्त वरचे थर सिमेंटात, म्हणजे कड ढासळत नाही. मधल्या थरांत दोन-दोन विटांनंतर सात इंचांचे भोक सोडावयाचे. या भोकांतून हवा आत खेळते आणि उलथापालथ करण्याची गरज उरत नाही. मजुरीही गेली आणि आचार्यांच्या रीतीतला उशीरही टळला.

ही टाकी एक-दोन दिवसांतच पुरी भरावी लागते. रोज मूठमूठ कचरा टाकला तर ढीग तापत नाही. आधी आतल्या भिंतींवर आणि तळावर शेणाच्या पाण्याचा सडा. मग सहा इंच काडीकचरा, त्यावर पाण्यात कालवलेले चार-पाच किलो शेण, त्यावर चाळलेली कोरडी माती आणि पाण्याचा शिडकावा. असे थर रचत कडेच्या वर दीड फूट झोपडीच्या छपरासारखा उतार करावयाचा आणि शेणमातीने लिंपून टाकावयाचा. सारे मिळून सुमारे 1400 ते 1500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण आणि 1750 किलो माती. पंधरा-वीस दिवसांत ढीग खचतो. तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपावयाचा. भेगा पडल्या तर बुजवावयाच्या, ओल जाऊ द्यावयाची नाही. तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत हाती येते. एक क्विंटल शेणाला तीन टन खत, हे ऐकून प्रथम विश्वास बसत नाही. पण त्यात मातीचा वाटा मोठा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे उलगडा होतो.

पुसद आणि जबलपूर 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. पण पांढरीपांड्यांच्या टाकीने ती सीमा मानली नाही. मध्य प्रदेशच्या सरकारी योजनांतून ती खेडोपाडी बांधली गेली. इंदूरच्या त्या मूळ संस्थेचे 1959 मध्ये कृषी महाविद्यालय झाले होते आणि 1964 मध्ये जबलपुरास कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली आले. 2008 मध्ये ग्वाल्हेरचे नवे विद्यापीठ निघाल्यावर ते तिकडे गेले. म्हणजे हॉवर्ड आणि वाड यांच्या वारशाचा कारभार जवळजवळ 44 वर्षे जबलपुरातून चालला. त्याच शहरात 2016 साली कठौंदा येथे कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना सुरू झाला. विजेची गरज कोणालाही पटेल. पण ओला कचरा जाळावयाचा म्हणजे आधी त्यातले पाणी जाळावयाचे, आणि मग पाणी उडून जे सत्त्व मागे राहिले असते तेही. 2000 च्या आणि पुन्हा 2016 च्या सरकारी नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्यास सांगितले ते याच कारणाने. वेगळा करण्याची जागा कारखान्याच्या दारात नसून स्वयंपाकघराच्या दारात आहे.

ज्याच्या घरामागे चार हात परस आहे त्याला दहा फुटांची टाकी नको. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकीच उंच अशी जुन्या विटांची चौकट पुरे. विटा मातीत बसवाव्या आणि एका आड एक फट ठेवावी. ती झाडाच्या सावलीत असावी आणि तळ उघडाच ठेवावा, म्हणजे पाणी निथळते आणि गांडुळे वर येतात. एकदम भरण्याइतका कचरा घरात निघत नाही. म्हणून वाळलेला पाला पोत्यात साठवून ठेवावा आणि भाजीच्या देठा-सालींच्या प्रत्येक थरावर त्याचा दुप्पट थर व मूठभर माती टाकावी. मटाराची टरफले, चहाचा चोथा, निर्माल्य चालते. तेलकट उष्टे आणि हाडे टाकू नयेत. वास आला तर पाणी जास्त झाले असे समजावे आणि सुका पाला घालून ढीग काठीने सैल करावा. ढीग थंडच राहिला तर शेणाचे पाणी शिंपडावे. जबलपुरात पानगळ माघ-फाल्गुनात होते. त्या वेळी भरलेली चौकट आषाढाच्या तोंडी, पाऊस पडून रोपे लावावयाच्या वेळेला, उघडता येते. खत चाळून घ्यावे. चाळणीवर जे जाडेभरडे उरते ते फेकू नये, विरजणासारखे पुढच्या भरणीच्या तळाशी घालावे.